छोट्या गाडीत कुत्र्याचीही एक सीट मोजा

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीच्या पहिल्या पानावर एक मोठा रंगीत फोटो होता, लाल रंगाची छोटी गाडी, मागच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलेला लॅब्रेडॉर, कान वाऱ्यावर उडतायत, जीभ बाहेर, आणि खाली लिहिलं होतं ‘सुट्टीचा मूड’. आमच्या घरात तो फोटो आधी सासूबाईंनी बघितला, चष्मा लावून नीट बघितला आणि पेपर उलटा करून ठेवला. मला म्हणाल्या, तू लिही त्यांना. म्हणून लिहितेय. पत्र लांब होईल, पूर्ण छापलं नाही तरी चालेल पण वाचा नक्की, कारण मे महिना तोंडावर आलाय आणि पुण्या-मुंबईहून कोकणात, महाबळेश्वरला, गावी जाणाऱ्या कितीतरी गाड्यांत आता कुत्री असतात. दहा वर्षांपूर्वी नसायची एवढी, लोक शेजाऱ्यांकडे ठेवून जायचे, आता घरातलं लेकरू म्हणून बरोबर नेतात आणि ते चांगलंच आहे. पण नेतात कसे, हे मी दर सुट्टीत रस्त्यावर बघते आणि माझ्या पोटात गोळा येतो.

आमची गाडी अल्टो. बहुतेकांची गाडी अशीच छोटी असते, अल्टो, वॅगनआर, सँट्रो, क्विड, आणि कुत्र्यांच्या प्रवासाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं मोठ्या गाड्यांचं असतं, मागे भलीमोठी डिकी, त्यात भलामोठा पिंजरा, मध्ये जाळी. आमच्या अल्टोची डिकी १७७ लिटरची, त्यात दोन बॅगा आणि पाण्याचा कॅन ठेवला की झालं. त्यामुळे छोट्या गाडीवाल्यांनी काय करायचं हे कुणी सांगतच नाही आणि मग सगळे तेच करतात जे आम्ही करायचो, म्हणजे काहीच नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मे महिना, दापोलीहून परत येत होतो, माणगाव-निजामपूर करून ताम्हिणी घाटातून. हे गाडी चालवत होते, सासूबाई पुढे, मागे मी आणि मुलगी आणि आमच्या दोघींच्या मध्ये गुंडी. गुंडी आमची गावठी कुत्री, अठरा किलोची, कर्वेनगरला सोसायटीच्या गेटपाशी पावसात सापडलेली. डिकीत सामान, आमच्या पायाशी आंब्याच्या दोन पेट्या. म्हणजे बघा, चार माणसं, एक कुत्री, आंबे, सामान, आणि ती एवढीशी गाडी. गुंडीला बसायला जागा अशी नव्हतीच, ती आमच्या मांड्यांवर मागचे पाय देऊन आणि पुढचे दोन पाय दोन्ही सीटच्या मधे हँडब्रेकपाशी टेकून उभी होती, समोरच्या काचेतून रस्ता बघत. ही सगळ्या कुत्र्यांची आवडती जागा. आम्हाला पण ते आवडायचं, मुलगी तिचे तसे व्हिडिओ काढायची.

घाटातल्या एका वळणावर झाडीतून एक म्हैस रस्त्यात आली. ह्यांनी ब्रेक मारला. स्पीड फार नव्हता, चाळीसच्या आसपास असेल, घाटात त्याहून जास्त कुणी चालवत नाही. आम्ही सगळे पट्ट्यात होतो. मी मागे बसून पट्टा लावायला लागले ते २०२२ पासून, सप्टेंबरमध्ये पालघरजवळ चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींचा अपघात झाला आणि ते मागे बसले होते, पट्टा नव्हता, हे सगळ्या पेपरांत आलं तेव्हापासून. तर आम्हाला पट्ट्याने धरलं. गुंडीला धरायला काहीच नव्हतं. ती माझ्या मांडीवरून गेली, म्हणजे मला तिचं वजन जाताना कळलंच नाही, फक्त नखं ओरबाडल्यासारखी लागली, आणि पुढे धाडकन आवाज आला. डॅशबोर्डवर आपटून ती गिअरच्या बाजूला खाली पडली, अर्धी ह्यांच्या पायात. ह्यांचा पाय ब्रेकवर होता आणि ब्रेकच्या पायावर कुत्री. गाडी तिरकी होऊन दरीच्या बाजूच्या कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. म्हैस निघून गेली होती तोवर.

ती ओरडली पण नाही. ते मला अजून आठवतं, नुसती बघत होती. पुढचा उजवा पाय कोपराच्या खाली वेडावाकडा लोंबत होता. हँडब्रेकच्या प्लास्टिकवर तिच्या नखांचे चार ओरखडे आहेत, आजही आहेत, गाडी सर्व्हिसिंगला जाते तेव्हा तिथला मुलगा विचारतो ते कव्हर बदलायचं का, ह्यांनी ते बदलू दिलं नाही.

मागच्या सीटवर तिला आडवं ठेवायला जागा हवी होती. आंब्याच्या पेट्या तिथल्याच एका चहाच्या टपरीवाल्याकडे ठेवल्या, नाव न गाव, तो म्हणाला ताई तुम्ही निघा आधी, पेट्यांचं बघू नंतर. सासूबाईंनी लुगड्याची गोधडी अंथरली, त्यावर तिला उचलून ठेवलं, मुलगी पायाशी दुमडून बसली आणि मुळशी, पौड, पिरंगुट करत कोथरूडला पोचायला जवळपास दोन तास लागले. प्रत्येक स्पीडब्रेकरला ती थरथरायची आणि त्या रस्त्यावर स्पीडब्रेकर किती आहेत ते जाणाऱ्यांना माहितीये. डॉक्टरांनी एक्सरे काढला, हाड दोन ठिकाणी मोडलेलं, प्लेट घालावी लागली, दोन महिने तिला उचलून खाली न्यायचं आणि वर आणायचं. डॉक्टर शांत माणूस, त्यांनी फक्त एवढंच विचारलं, गाडीत बांधलं नव्हतं का हिला? मी म्हटलं, कुत्र्याला बांधतात का गाडीत? मला खरंच माहिती नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा अकरावी सायन्सला होती. डॉक्टरांकडे बाकावर बसून तिने वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी जागच्या जागी थांबली तर आतली मोकळी वस्तू ज्या जोराने आपटते तो जोर सव्वासहा मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो, म्हणजे दोन मजल्यांवरून. आमची गाडी ब्रेकने थांबली, कशावर आदळली नाही, म्हणून गुंडी वाचली. तेच ८० चा स्पीड धरला तर २५ मीटर येतात, आठ मजले, कारण स्पीड दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तिने वही माझ्यापुढे धरली आणि रडायला लागली. आपण कुणी आपल्या कुत्र्याला आठव्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावर बसवू का? आणि एक्स्प्रेसवेवर मांडीवर घेऊन जातोच ना. आणि हे फक्त कुत्र्याचं नाहीये, अठरा किलोचं वजन मागून त्या जोराने पुढच्या माणसाच्या डोक्यावर आदळलं तर त्या माणसाचं काय होईल याचा विचार करा. सासूबाई थोडक्यात वाचल्या.

त्यानंतर आम्ही काय काय केलं ते सविस्तर लिहिते, कारण चुका पण केल्या आणि त्या दुसऱ्या कुणी करू नयेत.

पहिली चूक म्हणजे नेहमीचा गळ्यातला पट्टा घेतला आणि साखळी सीटच्या दांड्याला अडकवली. नंतर तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पाहिलं आणि तिथल्या तिथे सोडायला लावली. गळ्याला बांधलेलं कुत्रं ब्रेक लागल्यावर सगळं वजन मानेवर घेतं, मान मोडू शकते, श्वासनलिका दाबली जाते. गाडीत गळ्याला कधीच बांधायचं नाही. छातीला बसणारा हार्नेस घ्यायचा, छातीवरून रुंद पट्टी येणारा, आतून मऊ अस्तर असलेला, आणि पाठीवर जी कडी असते तिला छोटा पट्टा लावून तो सीटबेल्टच्या बकलात खटकन बसवायचा. हे बकलात बसणारं टोक प्रत्येक गाडीला बसतंच असं नाही, आमच्याकडे पहिलं आणलेलं आत जायचं पण लॉक व्हायचं नाही, ओढलं की हातात यायचं, म्हणून दुकानात गाडी घेऊन जा आणि तिथेच लावून, जोरात ओढून बघा. कड्या आणि हूक धातूचे बघा, प्लास्टिकचे टिकत नाहीत. हार्नेस आणि अंग यांच्यामध्ये आपली दोन बोटं जातील एवढाच सैल. पट्ट्याची लांबी एवढी की ती बसेल, आडवी होईल, कूस बदलेल, पण दोन सीटच्या फटीपर्यंत तोंड पोचणार नाही. लांब पट्टा लावला तर बांधून न बांधल्यासारखं, वेग आधी पकडणार आणि मग हिसका बसणार.

पाकिटावर ‘सेफ्टी’ छापलंय म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका हे पण सांगते. अमेरिकेत सेंटर फॉर पेट सेफ्टी नावाची एक संस्था २०११ पासून अशा हार्नेस आणि पिंजऱ्यांच्या टक्कर चाचण्या घेते, कुत्र्याच्या आकाराचे पुतळे बांधून. आपल्याकडे दुकानात मिळणारे बरेचसे हार्नेस म्हणजे फिरायला न्यायचेच असतात, त्यांची अशी कुठलीच चाचणी झालेली नसते, म्हणून दुकानदाराला विचारा की हा गाडीसाठीचा आहे का, आणि शिलाई, कडी, पट्टीची जाडी स्वतः बघा. पण साधा का असेना, चांगल्या शिलाईचा छातीचा हार्नेस बांधलेला कुत्रा मोकळ्या कुत्र्यापेक्षा हजारपट बरा, निदान तो फटीतून पुढे येणार नाही आणि चालवणाऱ्याच्या पायात पडणार नाही.

दुसरी गोष्ट जागेची. मोठ्या गाड्यांत मागे झोळीसारखं कव्हर लावतात, पुढच्या आणि मागच्या हेडरेस्टना चार बाजूंनी अडकवलेलं, म्हणजे कुत्रं पाय ठेवायच्या खड्ड्यात पडत नाही. आमच्या गाडीत मागच्या हेडरेस्ट सीटच्याच भाग आहेत, वेगळ्या निघत नाहीत, त्यामुळे झोळीचे मागचे बंद अडकवायला काहीच नाही. आम्ही मग पाय ठेवायचा खड्डाच भरून टाकतो, खाली कपड्यांची बॅग घट्ट बसवायची, वर जुनी गादीची गुंडाळी, त्यावर चादर, सीटच्या लेव्हलला आलं की झालं. बिनखर्चाचं काम आहे आणि गुंडी त्यावर पाय ताणून झोपते. आधी ती तास न् तास उभी असायची, आता झोपते, कारण उभं राहून तोल सांभाळायला कुत्र्याला सारखे स्नायू ताणून धरावे लागतात, ते आपल्याला दिसत नाही, आपल्याला वाटतं मजेत उभंय.

आमच्याकडे आता बंड्या पण आहे, डॅशहुंड, आठ किलोचा. त्याच्यासाठी कडक प्लास्टिकचा पिंजरा घेतला आणि तो पुढच्या सीटच्या मागे, पायाशी, जमिनीवर ठेवतो, आणि मग पुढची सीट मागे सरकवून तो पिंजरा घट्ट दाबून बसवतो, हलता कामा नये. लहान कुत्र्यासाठी छोट्या गाडीत ही सगळ्यात चांगली जागा. सीटवर नुसता ठेवलेला पिंजरा म्हणजे आतल्या कुत्र्यासकट उडणारा दगड, ठेवायचाच असेल तर सीटबेल्टने करकचून बांधा. फक्त एक लक्षात ठेवायचं, छोट्या गाडीत एसीची हवा पुढूनच येते, मागे वेगळी जाळी नसते, त्यामुळे पुढे आपल्याला गारेगार वाटत असतं तेव्हा खाली पिंजऱ्यात गरमच असतं. मी अधूनमधून पिंजऱ्यात हात घालून बघते.

आणि कृपा करून पुढच्या सीटवर, मांडीवर घेऊन बसू नका. एअरबॅग उघडते ती डोळ्याची पापणी लवायच्या आत आणि माणसाच्या छातीच्या हिशोबाने, मधे कुत्रं असेल तर त्याचं काय होईल हे लिहवत नाही. डिकीत पण नको, आणि सेडानच्या बंद डिकीत तर अजिबातच नको. मी एकदा लग्नाच्या हॉलबाहेर हे बघितलंय, पांढऱ्या सेडानची डिकी उघडली आणि आतून जर्मन शेफर्ड बाहेर आला, मालक म्हणाले पंधरा मिनिटांचा तर रस्ता.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट, जी मला सांगायचीच आहे, ती म्हणजे छोट्या गाडीत कुत्र्याची एक सीट मोजायची. चार माणसं बसली आणि वर कुत्रं, असं नाही. तीन माणसं आणि एक कुत्रं, म्हणजे चार झाले, गाडी भरली. आम्ही आता तसंच करतो. दापोलीला जायचं तर हे आणि मी आणि दोन कुत्री गाडीत, आणि सासूबाई आणि नात स्वारगेटहून एसटीने. सासूबाई ७८ च्या आहेत, पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट आहे, मुलीला बायकांचं अर्धं तिकीट, दोघी गप्पा मारत जातात. नातेवाईक नावं ठेवतात, कुत्री गाडीत आणि म्हातारी एसटीत. सासूबाईच त्यांना उत्तर देतात, त्या म्हणतात त्या दिवशी ती माझ्या पायाशी पडली होती, मी बघितलंय, मी जाईन एसटीने.

आता उन्हाबद्दल. मागच्या एप्रिलमध्ये साताऱ्याहून येताना खेड-शिवापूरच्या अलीकडे एका हॉटेलात चहाला थांबलो होतो, दुपारचे दोन वाजले असतील. शेजारी एक छोटी गाडी उन्हात उभी, काच दोन बोटं खाली, आत पग. आधी मला वाटलं झोपलाय. मग काचेवर आतून लाळेचे ओघळ दिसले आणि त्याची जीभ दिसली, ती गुलाबी नव्हती, जांभळट झाली होती. ह्यांनी हॉटेलात जाऊन गाडीचा नंबर ओरडून सांगितला, पहिल्यांदा कुणी उठलं नाही, दुसऱ्यांदा एक कुटुंब उठलं, हातात मिसळीचे पाव होते अजून. वाईट माणसं नव्हती हो ती, त्यांच्या गाडीत त्या पगासाठी वेगळा टॉवेल होता, पाण्याची वाटी होती, त्यांना वाटलं काच उघडी आहे, पंधरा मिनिटांत काय होतंय. त्याला सावलीत घेतला, नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतलं, मी ओढणीने वारा घालत होते. उठून उभा राहिला अर्ध्या तासाने. तरी आम्ही त्यांना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं, कारण बाहेरून बरा दिसला तरी आत मूत्रपिंडाला, मेंदूला झालेलं नुकसान नंतर कळतं.

आकडे सांगते म्हणजे पटेल. बाहेर २९ अंश असेल तर बंद गाडीत १० मिनिटांत ४० होतात आणि अर्ध्या तासात ४८ च्या आसपास. २९ म्हणजे पुण्यातली डिसेंबरातली दुपार, एप्रिल-मे तर राहूच द्या. काच थोडी उघडी ठेवून त्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आपल्याला घाम येतो म्हणून आपण तगतो, कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी सगळं काम धापा टाकून, आणि धाप टाकून आत घ्यायची हवाच गरम असली तर गार होणार कसा? त्याचं अंग एरवीच ३८ ते ३९ अंशांचं असतं, ४१ च्या पुढे गेलं की आतले अवयव बंद पडायला लागतात. म्हणजे मधे जागा किती उरली, दोन अंश. पग, शित्झू, बॉक्सर, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री तर नीट धाप पण टाकू शकत नाहीत. आणि लोक घाबरून बर्फ चोळतात, तो नको, बर्फाने कातडीखालच्या शिरा आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते, साधं पाणी आणि वारा, आणि लगेच डॉक्टर. आमचा नियम आता ठरलेला आहे, कुत्री बरोबर असली की दोघांनी एकदम गाडीतून उतरायचं नाही. एक जण जेवून येतो, मग दुसरा जातो. एसी चालू ठेवून जायचं पण नाही, इंजिन बंद पडलं तर कुणाला कळणार?

तुमच्या फोटोतल्या खिडकीबद्दल पण लिहायलाच हवं. कुत्र्याला वारा आवडतो हे खरंय, त्याला शेकडो वास येत असतात त्यात. पण डोळ्यात धूळ, खडा, किडा जातो, बुबुळाला ओरखडा पडतो, शेजारून ट्रक घासून जातो, आणि मांजर दिसलं की चालत्या गाडीतून उडी. काचेचं बटण दारावर असलेल्या गाड्यांत पंजा बटणावर पडतो आणि काच वर जाते, मान मधे. त्यामुळे काचांचं लॉक लावायचं, मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावायचं, आणि काच नाक बाहेर येईल एवढीच खाली, बास, तेवढ्यात सगळे वास येतात. थांबल्यावर दार उघडायच्या आधी फिरायचा पट्टा लावून तो हातात घट्ट धरायचा, मगच सीटबेल्टची कडी सोडायची, आणि उतरवायचं ते रस्त्याच्या विरुद्ध बाजूने, डावीकडच्या दाराने. हायवेच्या कडेला सुटून गेलेली कुत्री परत मिळत नाहीत. गळ्यात फोन नंबरची पट्टी असू द्या.

उलटीचं थोडक्यात सांगते. पिल्लांना जास्त होते, कानातला तोल सांभाळणारा भाग पूर्ण तयार झालेला नसतो म्हणून, वय वाढलं की बरीचशी सुधारतात. निघायच्या आधी चार-सहा तास खायला नको, पाणी थोडं थोडं द्या. बंड्याला सुरवातीला आम्ही उभ्या गाडीत नुसतं बसवायचो, मग सोसायटीला एक चक्कर, मग वारज्यापर्यंत, असं महिनाभर, डॉक्टरकडे जाताना सोडून इतर वेळी गाडीत बसलंच नाही तर कुत्र्याच्या डोक्यात गाडी म्हणजे सुई हेच पक्कं होतं. माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका, कुत्र्यासाठी वेगळं औषध असतं, डॉक्टर वजन बघून देतात.

कायद्याचं म्हणाल तर माझी नणंद इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिने सांगितलं तिकडच्या हायवे कोडमध्ये ५७ नंबरचा नियम आहे की गाडीत कुत्रं असेल तर ते असं बांधलेलं हवं की चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही आणि अचानक थांबल्यास कुणाला इजा होणार नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात १२५ कलम आहे, चालवणाऱ्याला अडथळा होईल असं कुणाला बसवू नये, काही ठेवू नये, ते मांडीवरच्या कुत्र्याला लागू व्हायला काहीच हरकत नसावी, पण कुणी कधी पावती फाडलेली मी बघितली नाही. आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्याच्या ११ व्या कलमात गाडीतून प्राण्याला त्रास होईल अशा तऱ्हेने नेणं हा गुन्हा लिहिलाय. दंड किती, तर पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीचे पन्नास. आपण पट्टा लावला नाही तर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड लिहिलाय, आणि कुत्र्याला डिकीत कोंबलं तर पन्नास. हे बदलायला हवं आणि वर्तमानपत्रांनी ते लावून धरायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या भागात काही मुलंमुली रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतात, त्यांना माझा नमस्कार आहे, पण त्यांनाही सांगते, दुखणारं अनोळखी कुत्रं कितीही गरीब असलं तरी चावतं. तोंडाला जाळी किंवा मऊ पट्टी बांधा, पण धाप लागली असेल किंवा उलटी करत असेल तर बांधू नका, अंगावर चादर टाकून उचला, हाड मोडलं असेल तर सपाट फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर, आणि एकट्याने गाडी चालवत नेऊ नका, मागे कुणीतरी हवं.

माझं मागणं दोन-तीनच आहे. एक तर पिल्लाला पहिलं इंजेक्शन द्यायला लोक येतात तेव्हा प्रत्येक डॉक्टरांनी विचारावं, कसं आणलंत? मला कुणी आधी विचारलं असतं तर गुंडीच्या पायात आज लोखंड नसतं. दुसरं, हायवेवरच्या हॉटेलवाल्यांनी पार्किंगच्या कोपऱ्यात एक शेड आणि एक नळ एवढं जरी ठेवलं तरी पुष्कळ, कुत्र्यासकट सावलीत बसता आलं तर कुणी गाडीत कोंडून जाणार नाही. आणि तिसरं तुमच्याकडे. तुमच्या पेपरातला फोटो लाखो घरांत जातो, लहान मुलं बघतात, त्यांना वाटतं कुत्र्याला असंच न्यायचं असतं, म्हणून असे फोटो छापू नका. 

पत्रासोबत आमचा एक फोटो पाठवतेय, मुलीने काढलाय. आमचीच अल्टो, मागच्या सीटवर गुंडी, छातीला निळा हार्नेस, पट्टा बकलात, उजवा पाय जरा बाहेर टाकून झोपलीये, खाली पिंजऱ्यात बंड्याचं नाक दिसतंय. त्या फोटोसारखा रंगीत नाहीये आणि कान पण उडत नाहीयेत. पुढच्या रविवारी जागा असेल तर हा छापा.

आपली एक नियमित वाचक,
कर्वेनगर, पुणे